कपाटाची कातडी

'रिस्टोअर करून घेतलंय' असं कुणी कौतुकाने सांगितलं की माझ्या तोंडी एकच प्रश्न येतो. बरं, पण त्यातलं शिल्लक काय ठेवलंत?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या पेण, रोहा, अलिबाग भागात जुन्या लाकडाचा मोठा बाजार उभा राहिला आहे. घर पाडायला काढलं की दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात हजर. घडवंची, खुंट्या, माजघराची चौकट, पाळण्याच्या पितळी कड्या, दुकानातली काचेची कपाटं, असेल ते उचलायचं आणि मुंबईच्या बाजारात नाहीतर बंगलेवाल्यांच्या दारात न्यायचं. २०२० साली मांडव्याला मोटारी घेऊन येणारी बोट सुरू झाली. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली तशी या मालाची भूकही वाढली. याला माझी हरकत नाही. ज्याची वस्तू त्याने विकावी, ज्याला हौस त्याने घ्यावी. माझी हरकत आहे ती मधल्या मुक्कामाला. तिथे त्या लाकडाला घासतात, तासतात, चकचकीत करतात आणि त्याला दुरुस्ती म्हणतात. ही दुरुस्ती नव्हे. ही सोलणी आहे.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या मामांच्या रोह्याच्या दुकानातलं चाकूंचं कपाट या सोलणीच्या तोंडातून परत आलेलं आहे. ते कसं परत आलं ते सांगितलं, तर माझं भांडण कशाशी आहे हे कळेल.

मामांचं दुकान लोखंडाचं. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं आणि रेल्वे अजून रोह्यापर्यंत पोचायची होती. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पेणहून एसटीने जायचो आणि महिनाभर त्या दुकानात लुडबुडायचो. खिळे, कड्या-कोयंडे, बिजागऱ्या, दोरखंड, फावडी, घमेली असा सगळा काळा आणि जड माल. त्या काळोखात दाराजवळ एकच वस्तू चमकायची, ती म्हणजे हे कपाट. साडेचार फूट उंच, तीन फूट रुंद, सागवानी. वरचा भाग काचेचा. आत चार पायऱ्या, त्यांवर हिरवी बनात, आणि पायरीपायरीवर खाचा करून त्यांत अर्धवट उघडलेले घडीचे चाकू उभे केलेले. काच गिऱ्हाइकाच्या बाजूला, दार दुकानदाराच्या बाजूला. खाली तीन खण. मागच्या फळ्या मात्र सागवानी नव्हत्या. विलायती माल ज्या देवदारी खोक्यांतून यायचा, त्याच खोक्यांच्या होत्या. एका फळीवर काळ्या शाईतली अर्धी इंग्रजी अक्षरं होती आणि त्यांतलं 'फील्ड' एवढंच वाचता यायचं. पुढचं 'शेफ' बहुधा खोकं फोडतानाच गेलं असावं.

शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचे चाकू वरच्या पायरीवर. त्यांच्या पात्यावर तारा आणि क्रूस अशी खूण असे, आणि शाळेत न गेलेला माणूसही ती खूण बघून 'रॉजर्स' म्हणत असे. त्याखाली रामपूरचे. त्याखाली रंगीत मुठींचे स्वस्त, पोरांना आवडणारे. सगळ्यांत खाली कलमं बांधायचे, सरळ पात्याचे. गिऱ्हाइकंही तशी पायरीपायरीची. बोरू तासायला चाकू नेणारे जुने कारकून अजून एखाद-दुसरे होते. आंब्याची कलमं करणारे बागाईतदार होते. जाळ्याची दोरी कापायला कोळी न्यायचे, आणि पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतले कारागीर मूर्तीची कड साफ करायला बारीक टोकाचं पातं शोधत यायचे.

चाकू घेणं हा झटपट सौदा नसे. मामा दार उघडून चाकू काढत, पण थेट हातात देत नसत. हातातून हातात चाकू दिला की भांडण होतं, म्हणून तो गल्ल्यावरच्या फडक्यावर ठेवत. मग गिऱ्हाईक उचलणार, उघडणार, मिटताना 'खट्' आवाज नीट येतो का ते ऐकणार, पातं नखावर टेकवून धार बघणार, एक डोळा मिटून कड सरळ आहे का ते पाहणार. दोन-तीन चाकू असे बघून झाले की भाव. कपाट या सगळ्यासाठी बांधलेलं होतं. त्याची उंची मामांच्या कोपराची होती. दार डावीकडे उघडायचं, कारण उजवीकडे तराजू होता.

मामा गेल्यावर ते कपाट मागच्या अंगाला गेलं. त्यावर रंगाचे डबे बसले. एका पायाला वाळवी लागली, समोरची एक काच फुटली. मामेभावाने दुकान नव्याने मांडायचं ठरवलं आणि टेम्पोवाला आला.

पंचवीस हजार रोख म्हणाला. मोबाइलवर त्याने अशाच एका कपाटाचा फोटो दाखवला. सोनेरी, लख्ख, हात लावला तर घसरेल असं. आत निळसर लाईटची पट्टी आणि वाइनचे ग्लास. "हे पण असंच करू. मागे प्लाय मारतो, काच टफन टाकतो, ही भोकं बंद करतो, वरून पीयूचा कोट. एकदम नवीन होऊन जाईल."

नवीन होऊन जाईल! जुनी वस्तू जुनी म्हणून विकत घ्यायची, जुनी म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने विकायची, आणि मधे तिला नवीन करायची. मग गिऱ्हाइकाला मिळालं काय? सुताराकडून नवं कपाट करून घेतलं असतं तर निदान ते खोटं बोललं नसतं.

मामेभाऊ म्हणाला, "दादा, भावनेनं पोट भरत नाही. तुम्ही नोकरी केलीत, पेन्शन घेता. मला दुकान चालवायचंय." त्याचं बरोबर होतं, आणि ते मी आजही खोडत नाही. मी एवढंच म्हणालो, "एक पावसाळा मला दे. दिवाळीनंतर तुला नको असेल तर खुशाल वीक." मग ते कपाट छोट्या हत्तीत घालून नागोठण्यावरून पेणला आणलं, आणि पेणजवळच्या एका खेड्यातल्या म्हाताऱ्या सुताराकडे नेलं. उमेदीच्या वर्षांत या माणसाने होड्या केल्या, उतारवयात गणपतीच्या कारखान्यांची मांडण्या-फळ्यांची कामं केली. पाणी लाकडाचं काय करतं हे ज्याला होडीने शिकवलं त्याला वेगळं शिकवायला लागत नाही.

मामेभावाचा मुलगा उत्साहाने घासायचं मशीन घेऊन आला होता. सुतारदादांनी त्या मशीनकडे बघितलं, कपाटाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, याची कातरी कनाला कारायची?"

कातरी म्हणजे कातडी. आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो. मला सांगायचं ते सगळं त्या एका वाक्यात आहे. सागवानाला उजेडाने, हवेने आणि हाताच्या तेलाने जो रंग चढतो तो फार खोल नसतो. वरच्या पापुद्र्यातच असतो. त्याला साठ-सत्तर वर्षं लागतात, आणि घासायच्या मशीनला तो काढायला एक मिनिट पुरतं. आतून जे निघतं ते पिवळट, कोरं, कुठल्याही वखारीतल्यासारखं लाकूड. मग त्यावर 'अँटिक' रंगाचा डाग चढवायचा. म्हणजे खरा रंग पुसायचा आणि त्याच रंगाची नक्कल विकत आणायची. हा मूर्खपणा आहे आणि त्याचे पैसे घेतले जातात.

आम्ही काय केलं ते सांगतो, कारण 'जपा, जपा' असं नुसतं म्हणणारे पुष्कळ आहेत.

आधी आठ दिवस काहीच केलं नाही. कपाट सावलीत, वाऱ्याला ठेवलं. ओल गेल्यावर कोरड्या ब्रशने धूळ काढली. मग कोमट पाण्यात थोडा साबण, त्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, आणि लगेच दुसरं कोरडं. बस्स. निम्मा काळेपणा फक्त धूर आणि वंगण होता. तो गेला, आणि खालची कातडी जिथल्या तिथे राहिली.

सांधे सैल झाले होते. ते जुन्या पद्धतीचे, कुसू खाचेत बसवून सरसाने चिकटवलेले. सरस जनावराच्या चामड्या-हाडांचा. गरम पाण्याचा शेक दिला की मऊ पडतो आणि सांधा न फोडता उघडतो. आम्ही उघडले, साफ केले, परत सरसच लावला. फेविकॉल वाईट असं मी म्हणत नाही. नव्या कामाला तो उत्तमच. पण त्याने धरलेला सांधा पुढच्या माणसाला सहज उघडता येत नाही. जुन्या कामाला हात लावताना आपण शेवटचे आहोत असं धरून चालू नये. पन्नास वर्षांनी कुणीतरी हा सांधा पुन्हा उघडणार आहे, त्याची सोय ठेवली पाहिजे.

पाय एकच कुजला होता, तोही वीतभर. टेम्पोवाला चारही पाय बदलणार होता, 'एकसारखे दिसायला'. सुतारदादांनी तेवढीच वीत तिरकी कापली आणि पाडलेल्या घराच्या चौकटीचा सागवानी तुकडा जोडला. जोड दिसतो. दिसू दे. धोतराला ठिगळ लावलं तर ते ठिगळ आहे हे लपवायला आपण सगळं धोतर रंगवत नाही. उरलेल्या तीन पायांवर खालून हातभर काळसर रेघ आहे. कुंडलिकेचं पाणी एका पावसाळ्यात बाजारात शिरलं होतं, त्याची ती खूण. ते पाणी कितपत चढलं याची आमच्या घरात दुसरी नोंद नाही. घासायचं मशीन फिरलं असतं तर ती एक नोंदही गेली असती.

काचांचं तसंच. फुटली होती एक, बदलायच्या होत्या तिन्ही! जुनी काच किंचित लाटांची असते, तिच्यात कुठे कुठे बुडबुडे असतात. तिच्यातून बघताना डोकं हललं की पलीकडचं पातंही हलतं. लहानपणी मला वाटायचं, चाकू जिवंत आहेत. आजची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून सपाट करतात. आमच्याच जिल्ह्यात तळोज्याला तिचा कारखाना आहे. काच निर्दोष, त्यात वाद नाही. फुटलेल्या जागी आम्ही तीच बसवली, साधी, आणि दोन जुन्या तशाच ठेवल्या. शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि दोघींचं भांडण नाही.

आता त्या भोकांची गोष्ट. मागच्या देवदारी फळ्यांना वर आणि खाली भोकांच्या दोन ओळी आहेत, त्यांवर पितळी जाळी. टेम्पोवाल्याला ती 'गचाळ' वाटली. सिलिकॉन भरून बंद करणार होता. ती भोकं कशासाठी आहेत हे त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिसऱ्या पायरीवरच्या रंगीत चाकूंच्या मुठी सेल्युलॉइडच्या. त्या घासल्या तर अजून कापराचा वास येतो, कारण सेल्युलॉइड करतात ते कापूर घालूनच. हा पदार्थ म्हातारा झाला की आम्लाची वाफ सोडतो. ती वाफ बंद पेटीत कोंडली तर त्या चाकूचं पातं तर गंजतंच, शेजाऱ्याचंही गंजतं. कपाट बांधणाऱ्याला रसायनशास्त्र येत नसेल, पण कोंडलेल्या कपाटात पोलाद टिकत नाही हे त्याला कळत होतं. कोकणातल्या आषाढात तर नाहीच नाही. मामा पावसाळ्यात कपाटाच्या कोपऱ्यात चुनकळीची वाटी ठेवायचे. ओल चुना पितो. ज्याला 'गचाळ' म्हटलं ती त्या कपाटाची अक्कल होती. रिस्टोअर करणारा पहिल्यांदा तीच बुजवतो.

सगळंच जुनं आम्ही राखलं असंही नाही. बनात काढली. लोकरीच्या कापडाने पितळ आणि पोलाद काळवंडतं, आणि तिला कसरही लागली होती. तिच्या जागी हिरवं सुती कापड लावलं, जुन्या बनातीचा हातभर तुकडा खणात ठेवला. सेल्युलॉइडच्या मुठींचे चाकूही बाहेर काढून उघड्या खोक्यात वेगळे ठेवले. ते पेटतातही लवकर. म्हणजे बदल करू नये असं माझं म्हणणं नाही. बदलाला कारण असावं, आणि ते वस्तूच्या कामातलं असावं.

पॉलिश चपड्याचं, स्पिरिटमध्ये विरघळवलेलं, मऊ फडक्याच्या बोळ्याने पातळ हात देत. या पॉलिशचा गुण असा, की उद्या ओरखडा पडला तर स्पिरिटचा हात फिरवून तेवढीच जागा सांधता येते. पीयूचा कोट म्हणजे लाकडावर चढवलेलं प्लॅस्टिक. चांगला असेपर्यंत चांगला, पण एका जागी उचकटला की तेवढ्यापुरता सांधत नाही. पुन्हा सगळं घासा. म्हणजे पुन्हा कातडी काढा.

आणि पितळ. मागच्या दाराची कडी सगळी काळपट आहे. फक्त एका जागी, अंगठ्याएवढी, पिवळी धमक. मामांचा अंगठा तिथे चाळीस वर्षं पडला. चिंच घेऊन ती कडी घासली असती तर सगळीच चकाकली असती आणि अंगठा हरवला असता. आम्ही तेलाचं फडकं फिरवलं आणि सोडून दिलं.

आता लोकांचे आक्षेप. पहिला नेहमीचा: "बंगल्यात गेलं असतं तर निदान टिकलं असतं. इथे वाळवी खात होती." खरं आहे. जाळण्यापेक्षा विकणं बरं. पण वाळवी आणि बंगला हे दोनच रस्ते आहेत हे कुणी ठरवलं? आमच्या कामाला सुताराची पंधरा दिवसांची मजुरी, एक काच, थोडा सरस, चपडा आणि स्पिरिट एवढा खर्च आला. पंचवीस हजारांच्या जवळपासही गेला नाही. तिसरा रस्ता स्वस्त आहे. तो दाखवणारा माणूस टेम्पोतून येत नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप: "एवढं मोलाचं आहे तर संग्रहालयाला द्या." पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात गेलेल्यांना माहीत असेल, दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दारं, भांडी अशा घरातल्याच वस्तू आयुष्यभर गावोगाव फिरून जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं. त्या अडकित्त्यांपुढे मी तासन्‌तास उभा राहिलो आहे. पण महाराष्ट्रातलं प्रत्येक दुकानातलं कपाट काही पुण्यात मावणार नाही. सरकारी कायद्याचंही तसंच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूला शंभर वर्षं पुरी लागतात. आपल्या आज्यांच्या घडवंच्या आणि मामांची कपाटं बहुतेक त्या वयाच्या अलीकडची. त्यांचं रक्षण करणारा कुणी साहेब येणार नाही. ते आपल्यालाच करायचं आहे, आणि त्याची जागा दुकान आहे, घर आहे.

तिसरा आक्षेप हसत हसत येतो: "मास्तर, चाकू काचेत मांडताय, पोलीस येतील!" अहो, शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं येतं, आणि त्यातूनही घरगुती आणि शेतीच्या वापराची हत्यारं वगळलेली आहेत. तीन इंची कलमाच्या चाकूला कोण धरणार? खटक्याचा चाकू आम्ही ठेवतच नाही. सिनेमातल्या गुंडांनी रामपुरीची बदनामी केली आणि आपण सगळ्याच चाकूंना वाळीत टाकलं. आज तोच चाकू प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद होऊन खिळ्याला लटकतो. उघडून बघायची सोय नाही. धार कळते ती घरी गेल्यावर, नसली तर.

आता एक गोष्ट माझ्याच बाजूच्या लोकांना सांगायची आहे. दुरुस्तीनंतर काही जाणकार मंडळी बघायला आली. एक म्हणाले, "आता आत मूळचेच चाकू मांडा. वर रॉजर्स, खाली रामपुरी. अस्सल ओरिजिनल." मी नाही म्हणालो.

कारण त्या कपाटाची एक बाजू कुणी सांगत नाही. काचेत विलायती आणि रामपुरी चाकू असायचे. आमच्या लोहारांनी घडवलेले चाकू कुठे असायचे? खालच्या खणात, गोणपाटाच्या तुकड्यावर, एकावर एक टाकलेले. रोह्याच्या आसपासचे लोहार आणि फिरते घिसाडी मामांना माल देत. ते चाकू स्वस्त, पण पातं चिवट. शेतकरी तेच मागायचा, मामा वाकून खण उघडायचे आणि काचेमागून रॉजर्स हे सगळं बघत असायचा. लोहार स्वतः दुकानात आला तर पायरीच्या खाली उभा राहायचा. मामा माणूस चांगला होता, पण कपाट तसंच बांधलेलं होतं. वर काच, खाली खण.

मग आज आपण काय जपायचं? ती उतरंडही? 'जसं होतं तसं' म्हणणारे आणि 'नवीन करून टाकू' म्हणणारे मला एकाच घरचे वाटतात. एकाला वस्तूचं आयुष्य पुसायचं असतं, दुसऱ्याला ते एका जागी खिळवून ठेवायचं असतं. वस्तूला कामाला लावायचं दोघांनाही नको असतं.

दिवाळीनंतर कपाट रोह्याला परत गेलं. मामेभावाने दुकान मांडलं आणि ते दाराजवळ ठेवलं. टेम्पोवाल्याला त्याने स्वतःच फोन करून नाही सांगितलं. वरच्या पायरीवर आता लोहाराचे चाकू आहेत, ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादाचे, आणि शेजारी चिठ्ठीवर लोहाराच्या गावाचं नाव. दुसऱ्या पायरीवर अडकित्ते, तिसऱ्यावर कलमाचे चाकू. उरलेला एकुलता एक रॉजर्स सगळ्यांत खाली, विकायला नव्हे, बघायला. खणांत विळ्यांची पाती, कानशी, धारेचे दगड. पूर्वी जो खण लोहाराचा होता त्यात आता बिलबुकं असतात. फार विक्री होते असं नाही, पण होते. माणसं चाकू उघडून, नखावर टेकवून बघतात. कडीवर आता मामेभावाचा अंगठा पडतो, जुन्याच जागी.

१८७७ साली इंग्लंडात विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी जुन्या इमारतींसाठी एक संस्था काढली. तिथे तेव्हा जुनी चर्चं 'रिस्टोअर' करायचा सपाटा चालला होता. भिंतींवरचं शतकांचं अंग खरवडून ती नवी कोरी करायची. या मंडळींचं म्हणणं साधं होतं: रोजची निगा राखा, गळकं छप्पर वेळेवर सांधा, पण खरवडू नका. त्यांच्या संस्थेला टोपणनावच मिळालं ते 'खरवडविरोधी' अशा अर्थाचं. त्या गोष्टीला दीडशे वर्षं होत आली. आमच्या सुतारदादांनी मॉरिसचं नावही ऐकलेलं नाही, पण मत तेच दिलं, आणि कमी शब्दांत.

तेव्हा मालकांनो, विकायचं असेल तर विका, पण आधी गावातल्या म्हाताऱ्या सुताराला एकदा बोलावून दाखवा. तो काय म्हणतो ते ऐका, मग टेम्पोवाल्याला फोन करा. सुतारांनो, मशीन लावण्याआधी अंगठा लावा. आणि जुनं म्हणून हौसेने विकत घेणाऱ्या बंगलेवाल्यांनो, तुम्ही पुढून बघून पैसे देता, तिथेच फसता. कपाट भिंतीपासून ओढायला सांगा आणि मागची फळी बघा. तिथे जुनी फळी, खिळ्यांचे गंज, एखादा अर्धा शिक्का दिसला तर भाव करा. कोरा करकरीत प्लाय दिसला तर त्याला प्लायचाच भाव द्या.